रीबूट झालं की लॅन कार्डाचं नाव का बदलतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी लिनक्सवरच्या एकाच तक्रारीची आहेत: मशीन बंद करून चालू केलं आणि नेटवर्क कार्डाचं नाव बदललं. म्हणून संपूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. छपाईबद्दल एक सूचना. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. कीबोर्डवर ती इंग्रजीत, लहान अक्षरांत टंकायची. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. म्हणजे ‘ईटीएच०’ ही तीन अक्षरं आणि एक शून्य, तर ‘ईएनपी३एस०’ ही चार अक्षरं आणि दोन अंक. उदाहरणांतला मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळखपत्ता) नमुन्याचा आहे, तो तसाच उतरवू नका.

प्रश्न (नाशिक): शाळेच्या संगणक कक्षात एक जुना पीसी राउटर म्हणून चालतो. त्यावर डेबियन १२ आहे. मदरबोर्डवरचं रिअलटेकचं कार्ड ईटीएच०, त्याला इंटरनेटची लाइन. वेगळं बसवलेलं इंटेलचं कार्ड ईटीएच१, त्याला मुलांच्या मशिनांचा स्विच. लाइट जाऊन आली की कधीकधी दोन्ही नावं उलटी होतात आणि सगळं बंद पडतं. पुन्हा एक-दोनदा रीबूट केलं की आपोआप सुरळीत होतं. ज्यांनी मशीन लावून दिलं त्यांनी ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) ‘नेट.आयएफनेम्स=०’ असं घातलेलं आहे. कार्ड बदलावं का?

उत्तर: कार्ड बदलू नका, दोन्ही कार्डं ठणठणीत आहेत. दुखणं त्या ग्रबच्या ओळीत आहे.

कर्नल (लिनक्सचा गाभा) कार्डांना नंबर देतो तो ती सापडतील त्या क्रमाने. पहिलं हाती लागलं ते ईटीएच०, दुसरं ईटीएच१. तुमच्याकडे दोन कार्डांचे ड्रायव्हर वेगळे आहेत आणि बूट होताना ते एकाच वेळी लोड होतात. कुठला आधी तयार होईल हे काही मिलिसेकंदांच्या फरकावर ठरतं. त्यामुळे दहा वेळा एक क्रम आणि अकराव्या वेळी दुसरा, असं होणारच. ही अडचण फार जुनी आहे. पूर्वी यूडेव्ह (जोडलेल्या उपकरणांची दखल घेणारा लिनक्सचा भाग) स्वतःच ‘७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स’ नावाची फाइल लिहून मॅक ॲड्रेस आणि नाव यांची जोडी लक्षात ठेवायचा. पण तोही ‘ईटीएच’ हीच नावं फिरवत असे. एका कार्डाला ईटीएच० द्यायला जावं तर कर्नलने ते नाव त्याच क्षणी दुसऱ्याला दिलेलं असायचं. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (मशीन सुरू होताना सगळ्या सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या) १९७ व्या आवृत्तीत कार्डाच्या जागेवरून नाव ठरवायची पद्धत आली. डेबियनने ती २०१७ साली, ९ व्या आवृत्तीपासून, नव्या इन्स्टॉलेशनना लावली. ‘नेट.आयएफनेम्स=०’ ही पद्धत बंद करतं. ईटीएच० हे ओळखीचं नाव परत मिळतं खरं, पण त्याच्यामागे आता कुठलीच हमी उरत नाही. एकच कार्ड असलेल्या मशिनावर हे खपून जातं. दोन कार्डांच्या राउटरवर ही ओळ घालणं आम्हाला चूकच वाटते.

नेट बंद पडणं ही यातली सौम्य बाजू आहे. नावं उलटली की आतल्या बाजूसाठी लिहिलेले फायरवॉलचे सैल नियम बाहेरच्या लाइनला लागू होतात, आणि तुमच्या मशिनाचा डीएचसीपी सर्व्हर (मशिनांना आपोआप आयपी पत्ते देणारा प्रोग्राम) इंटरनेट देणाऱ्याच्या जाळ्यात पत्ते वाटू लागतो. म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

आधी कुठलं कार्ड कुठलं ते डोळ्यांनी पाहून घ्या. ‘ईथटूल -पी ईटीएच० १५’ ही आज्ञा त्या कार्डाचा दिवा पंधरा सेकंद लुकलुकवते. काही स्वस्त कार्डांना ते जमत नाही. तिथे एक केबल काढा आणि ‘आयपी -बीआर लिंक’ मध्ये कुणाची जोडणी गेली ते बघा. मग तीच आज्ञा मोठ्या अक्षरातल्या ‘पी’ने द्या: ‘ईथटूल -पी ईटीएच०’. यात सेकंद द्यायचे नाहीत. आता कार्डात कायमचा कोरलेला मॅक ॲड्रेस दिसेल. लहान ‘पी’ दिवा लावतो, मोठा ‘पी’ पत्ता सांगतो. दोन्ही कार्डांचे पत्ते कागदावर उतरवा.

मग ‘/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क/’ या डिरेक्टरीत ‘१०-वॅन.लिंक’ नावाची फाइल करा (वॅन म्हणजे बाहेरची लाइन). तिच्यात एवढंच:

[मॅच]
परमनंटमॅकॲड्रेस=००:००:५ई:००:५३:१०

[लिंक]
नेम=वॅन०

दुसऱ्या कार्डासाठी ‘१०-लॅन.लिंक’, त्यात दुसरा पत्ता आणि ‘नेम=लॅन०’. इथे मोठी अक्षरं पाळावी लागतात: ‘मॅच’, ‘लिंक’ आणि ‘नेम’ यांचं पहिलं अक्षर, ‘परमनंट’चा पी, ‘मॅक’ची तिन्ही अक्षरं आणि ‘ॲड्रेस’चा ए. सगळा शब्द सलग, मध्ये मोकळी जागा नाही.

नाव ‘ईटीएच०’ ठेवायचा मोह टाळा. ते कर्नलचं राखीव कुरण आहे. तिथे शिरलात की २०१३ पूर्वीची तीच मारामारी. वॅन०, लॅन०, ऑफिस०, काहीही चालेल. फक्त ‘ऑल’ आणि ‘डिफॉल्ट’ नको, कारण कर्नलच्या सेटिंगमध्ये या शब्दांना वेगळा अर्थ आहे. नुसत्या अंकांचं नावही नको.

आता रीबूट करायची घाई करू नका. जुनं नाव कुठे कुठे लिहिलं आहे ते शोधा: ‘ग्रेप -आरएन ईटीएच /ईटीसी’. राउटर असल्याने किमान तीन जागा निघतील: नेटवर्कची ‘इंटरफेसेस’ फाइल, डीएचसीपी सर्व्हरची फाइल आणि फायरवॉल. सगळीकडे नवी नावं घाला. त्यानंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. बूट होताना सुरुवातीला जी छोटी प्रतिमा मेमरीत येते तिच्यातही यूडेव्ह असतो आणि लिंक फाइलींची प्रतही असते. ती ताजी केली नाही तर कार्डाचं नाव तिथे जुन्या पद्धतीने ठरून जातं. (फेडोरा किंवा रेड हॅटवर याच कामासाठी ‘ड्रॅकट -एफ’.) मग रीबूट.

परत आल्यावर ‘डीमेसेज’ मध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘रीनेम्ड फ्रॉम’ शोधा. ‘वॅन०: रीनेम्ड फ्रॉम ईटीएच०’ अशा अर्थाची ओळ दिसली पाहिजे. पुढच्या वेळी त्याच ओळीत ईटीएच१ दिसलं तरी घाबरू नका. कर्नलचा क्रम बदलला, तुमचं नाव बदललं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नाव बदललंच नाही, तर या क्रमाने तपासा. फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘.लिंक’ आहे का? तिचा नंबर ९९ पेक्षा लहान आहे का? कार्डाला जुळणारी पहिलीच फाइल लागू होते, पुढच्या वाचल्याच जात नाहीत. तुमची फाइल ‘९९-डिफॉल्ट.लिंक’च्या मागे पडली तर तिची पाळीच येत नाही. फाइलीत ‘नेमपॉलिसी’ अशीही ओळ कुठून उतरवली आहे का? ती ‘नेम’पेक्षा वरचढ असते, तिच्यातून नाव ठरलं की तुमचं नाव दुर्लक्षित राहतं. ‘/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी/’ मध्ये जुनी ‘७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स’ उरली आहे का, किंवा ‘८०-नेट-सेटअप-लिंक.रूल्स’ ही ‘/डेव्ह/नल’कडे वळवलेली आहे का? पहिली असेल तर तिचंच नाव लागतं, दुसरी असेल तर लिंक फाइलींतल्या नावाची अंमलबजावणीच होत नाही. दोन्ही काढून टाका. आणि कुठली लिंक फाइल लागू होते आहे ते रीबूट न करता बघायचं असेल, तर रूट (प्रशासक) म्हणून ‘यूडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टइन नेट_सेटअप_लिंक /सिस/क्लास/नेट/ईटीएच०’ चालवा, ती फाइलीचं नाव छापते.

‘नेट.आयएफनेम्स=०’ ग्रबमध्ये राहिलं तरी तुमच्या ‘नेम’ ओळीला बाधा येत नाही. तरीही काढा. उद्या तिसरं कार्ड घातलंत तर त्याला निदान शिस्तीचं नाव मिळेल. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मधून ओळ काढून ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं.

प्रश्न (सोलापूर): फोटो स्टुडिओत उबुंटूचा फाइल सर्व्हर आहे. जागा कमी पडायला लागली म्हणून दुसरी एनव्हीएमई (पीसीआयला जोडली जाणारी) डिस्क बसवली, तर लॅन कार्ड ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं. ठरावीक आयपी गेला, सांबाचे (नेटवर्कवर फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्रामचे) फोल्डर कुणालाच दिसेनात. डिस्क काढली की पुन्हा पूर्ववत. नाव जागेवरून ठरतं म्हणतात, मग कार्ड जागचं हललेलं नसताना हे कसं?

उत्तर: कार्ड हललं नाही, जागेचा नंबर हलला. ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, ‘पी३’ म्हणजे पीसीआय बस (मदरबोर्डवरचा कार्डं जोडायचा मार्ग) ३, ‘एस०’ म्हणजे त्या बसवरचा स्लॉट ०. हा बस नंबर मदरबोर्डवर छापलेला नसतो, प्रत्येक बूटला नव्याने मोजला जातो. मोजणी एका टोकाकडून सुरू होते, वाटेत जी शाखा लागेल तिच्या तळापर्यंत जाते, मग पुढची शाखा. रिकाम्या स्लॉटची शाखा बऱ्याच मदरबोर्डांचा बायोस लपवून ठेवतो. डिस्क बसली, शाखा उघडी झाली, तिला ३ नंबर मिळाला आणि मागची सगळी रांग एकाने सरकली. ग्राफिक्स कार्ड घातल्यावर किंवा बायोसमधून वायफाय बंद केल्यावरही असंच होऊ शकतं. या पद्धतीचं वचन इतकंच आहे की हार्डवेअर तेच राहिलं तर नाव तेच राहील. त्यापलीकडचं वचन तिने कधी दिलेलं नाही.

जाता जाता: ‘एलएसपीसीआय’ (पीसीआय कार्डांची यादी देणारी आज्ञा) बस नंबर सोळाच्या पायावर दाखवतं आणि कार्डाच्या नावात तो दहाच्या पायावर येतो. तिथे ‘०ए’ दिसलं तर नावात ‘पी१०’ असणार. दोन्हीकडे वेगळे आकडे बघून अनेकांना आपण चुकीचं कार्ड पाहतोय असं वाटतं.

तुमच्या बाबतीत नाव बदलण्यापेक्षा नावावर विसंबणंच सोडा. नेटवर्कमॅनेजर (नेटवर्कची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर प्रोफाइल थेट मॅक ॲड्रेसला बांधता येतं:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय ‘प्रोफाइलचं नाव’ कनेक्शन.इंटरफेस-नेम "" ८०२-३-इथरनेट.मॅक-ॲड्रेस ००:००:५ई:००:५३:१०

मधलं रिकामं अवतरण विसरू नका. जुनं इंटरफेसचं नाव पुसायचं काम तेच करतं. ते राहिलं तर नाव आणि पत्ता दोन्ही जुळायला हवेत असा अर्थ होतो आणि तुम्ही होतात तिथेच राहता. प्रोफाइलचं नेमकं नाव ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ मध्ये मिळेल.

सांबाच्या फाइलीत ‘इंटरफेसेस’ या ओळीपुढे बहुधा ईएनपी३एस० लिहिलं आहे आणि खाली ‘बाइंड इंटरफेसेस ओन्ली = येस’. कार्डाच्या नावाऐवजी तिथे आयपी आणि मास्क चालतो: ‘इंटरफेसेस = एलओ १९२.१६८.१.१०/२४’, अर्थात तुमचा स्वतःचा पत्ता. हे दोन बदल केलेत की डिस्का कितीही वाढवा.

प्रश्न (रत्नागिरी): रास्पबेरी पाय ४ वर आतलं वायफाय हॉटस्पॉट म्हणून आणि यूएसबी डाँगल बाहेरच्या वायफायला जोडायला वापरतो. कधी आतलं डब्ल्यूलॅन०, कधी डाँगल डब्ल्यूलॅन०. सध्या बूट झाल्यावर डाँगल हाताने काढून घालतो. कायमचा इलाज सांगा.

उत्तर: नाशिकच्या वाचकांसारखंच, फक्त ओळख पटवायची खूण वेगळी. रास्पबेरी पायच्या सिस्टममध्ये मुळातच जुनी नावं ठेवलेली असतात, म्हणून डब्ल्यूलॅन० आणि डब्ल्यूलॅन१ मध्ये शर्यत लागते.

आतल्या वायफायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे त्याचा ड्रायव्हर. लिंक फाइलीत ‘[मॅच]’ खाली ‘ड्रायव्हर=बीआरसीएमएफमॅक’ आणि ‘[लिंक]’ खाली ‘नेम=हॉटस्पॉट०’. हा ड्रायव्हर तुमच्या डाँगलचाही नाही ना, हे ‘ईथटूल -आय डब्ल्यूलॅन१’ ने पाहून घ्या. बहुतेक डाँगल रिअलटेक किंवा मीडियाटेकचे असतात, त्यामुळे अडचण येऊ नये. या खुणेचा फायदा म्हणजे पाय बिघडला आणि तेच मेमरी कार्ड दुसऱ्या पायमध्ये घातलं, तरी काहीच बदलावं लागत नाही. मॅक ॲड्रेसवर बांधलं असतं तर सगळं पुन्हा लिहावं लागलं असतं.

डाँगलसाठी कायमचा मॅक ॲड्रेस वापरा, पण ‘मॅकॲड्रेस’ नव्हे, ‘परमनंटमॅकॲड्रेस’च. वायफाय शोधताना नेटवर्कमॅनेजर तात्पुरता बनावट पत्ता लावतो. साधी ‘मॅकॲड्रेस’ची अट चालू पत्त्याशी तुलना करते, त्यामुळे ती कधी जुळेल, कधी नाही.

एकसारखे दोन डाँगल असतील तर आणखी एक खाचखळगा आहे. काही अतिस्वस्त यूएसबी कार्डांत कारखान्यातून एकच मॅक ॲड्रेस सगळ्यांना मारलेला असतो. दोन्हींचे पत्ते जुळले तर मॅकचा मार्ग संपला. मग यूएसबीच्या भोकावरून ओळख पटवायची. ‘यूडेव्हएडीएम इन्फो /सिस/क्लास/नेट/डब्ल्यूलॅन१’ मध्ये ‘आयडी_पाथ=’ पुढे जे येईल ते लिंक फाइलीत ‘पाथ=’ पुढे लिहा. लांबलचक असेल तर पुढचा भाग गाळून तिथे फुली-तारा (*) चालतो. मात्र यापुढे ते डाँगल त्याच पोर्टात राहिलं पाहिजे. पोर्टाला आणि डाँगलला एकाच रंगाचा नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा.

काही स्वस्त एआरएम बोर्डांवर याच्या उलट अडचण असते: कार्डात पत्ताच कोरलेला नसतो आणि ड्रायव्हर प्रत्येक बूटला नवा तयार करतो. ओळखायची खूण अशी: पत्त्याच्या पहिल्या जोडीतला दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नसून स्थानिक पातळीवर दिलेला आहे. रीबूटनंतर तो बदललेला दिसला की समजा, मॅकवर बांधलेली कुठलीच गोष्ट टिकणार नाही: लिंक फाइल नाही, राउटरमधलं आयपीचं आरक्षणही नाही. तिथे ‘[मॅच]’ खाली ‘पाथ’ आणि ‘[लिंक]’ खाली ‘नेम’सोबत ‘मॅकॲड्रेस’ लिहून पत्ता आपणच ठरवून द्यायचा. तोच शब्द वरच्या भागात असेल तर अट असते, खालच्या भागात असेल तर आज्ञा.

प्रश्न (पुणे): केव्हीएमवर (एका मशिनात अनेक आभासी मशिनं चालवायची लिनक्सची सोय) एक व्हर्च्युअल मशीन नीट तयार करून त्याच्या पाच प्रती काढल्या. मूळ चालतं, एकाही प्रतीला नेटवर्क नाही. कार्ड ‘आयपी लिंक’ मध्ये दिसतं, पण आयपी मिळत नाही. उबुंटू सर्व्हर २२.०४.

उत्तर: ‘/ईटीसी/नेटप्लॅन/’ मधली ‘५०-क्लाउड-इनिट’ फाइल उघडा (नेटप्लॅन म्हणजे उबुंटूची नेटवर्क मांडायची पद्धत). तिच्यात ‘मॅच’ आणि त्याखाली मूळ मशिनाचा मॅक ॲड्रेस सापडेल. प्रती काढताना केव्हीएमने प्रत्येकीला नवा मॅक दिला, तसा तो द्यायलाच हवा होता, आणि फाइल मात्र अजून जुन्याची वाट बघते आहे. बूट होताना मशीन ‘वेट फॉर नेटवर्क’ म्हणत दोन मिनिटं थांबतं का? तेही याचंच लक्षण. ती मुदत १२० सेकंदांची असते.

वरच्या उत्तरांत मॅकला बांधा म्हणालो आणि इथे सोडा म्हणतोय, हे विचित्र वाटेल. पण खूण अशी निवडायची की जी तुमच्या कामात बदलणार नाही. प्रत्यक्ष मशिनात कार्ड टिकतं आणि स्लॉटचे नंबर हलतात. व्हर्च्युअल मशिनात स्लॉट टिकतो आणि मॅक बदलतो. तेव्हा मूळ प्रतीत मॅकची अट काढून ‘मॅच’ खाली ‘नेम: "ईएन*"’ आणि ‘डीएचसीपी४: ट्रू’ ठेवा. ‘सेट-नेम’ ही ओळ काढून टाका.

दोन गोष्टी आणखी. प्रत काढण्याआधी ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ रिकामी करा (फाइल पुसू नका, आतला मजकूर काढा). ती सगळ्यांची सारखी राहिली तर डीएचसीपी सर्व्हरला पाचही मशिनं एकच वाटतात आणि मॅक वेगळे असूनही एकच आयपी वाटला जातो. दुसरं, पुढे कधी मशिनाचा प्रकार आय४४०एफएक्स वरून क्यू३५ केलात तर ईएनएस३ चं ईएनपी१एस० होईल. वर ‘ईएन*’ लिहायचं कारण तेच.

प्रश्न (बंगळुरू): भाड्याच्या सर्व्हरवर दुरून अपग्रेड केलं. रीबूटनंतर सर्व्हर गायब. कन्सोलवरून पाहिलं तर ईएनपी६५एस०एफ० चं ईएनपी६५एस०एफ०एनपी० झालं होतं. हार्डवेअरला कुणी हात लावलेला नव्हता. पुढच्या वेळी हे कसं टाळावं?

उत्तर: शेवटचं ‘एनपी०’ म्हणजे कार्डावरच्या भौतिक पोर्टाचं नाव, पोर्ट शून्य. पूर्वी तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर हे सांगत नव्हता, नव्या कर्नलमधला सांगतो. यूडेव्हने ते मिळालं म्हणून नावाला जोडलं. चार पोर्टांच्या, वेगवान कार्डांवर हे जास्त दिसतं.

नावं बदलायचं दुसरं कारण सिस्टमडीच्या बाजूला असतं. नाव बनवायचे नियम त्याच्या आवृत्तीगणिक थोडे बदलतात. म्हणून २४० व्या आवृत्तीपासून कर्नलच्या ओळीत ‘नेट.नेमिंग-स्कीम=’ लिहून जुने नियम धरून ठेवायची सोय आहे. डेबियन ११ वरून १२ वर जाताना जुनीच नावं हवी असतील तर ‘नेट.नेमिंग-स्कीम=व्ही२४७’. पण हा लगाम सिस्टमडीचा आहे. तुमच्यासारखा ड्रायव्हरमुळे झालेला बदल तो दर वेळी थोपवेल असं समजू नका.

दुरून चालवायच्या सर्व्हरसाठी आमचं मत स्पष्ट आहे: आयपीची मांडणी मॅकला बांधा आणि नावाचं काय व्हायचं ते होऊ द्या. नेटप्लॅनमध्ये ‘मॅच’ खाली ‘मॅकॲड्रेस’ लिहा (इथे सगळी अक्षरं लहान) आणि ‘सेट-नेम’ लिहू नका. मग ‘एनपी०’ लागो वा जावो, आयपी योग्य कार्डालाच लागेल. फायरवॉल किंवा आणखी कशाला ठरलेलं नाव हवंच असेल, तर अपग्रेडच्या आधी, जुन्या कर्नलवर असतानाच, लिंक फाइलीने नाव द्या आणि एक रीबूट करून खात्री करून घ्या. अपग्रेड आणि नाव बदलणं ही दोन कामं एकाच रीबूटवर टाकू नका. बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही.

‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत एंटर दाबली नाही तर ते जुनी मांडणी परत आणतं. पण ते फक्त चालू मशिनावरची मांडणी तपासतं, रीबूटनंतर नाव काय होईल ते नाही. रीबूटआधी ‘एलएसइनिटरॅमएफएस’ ने बूटची प्रतिमा उघडून तुमची लिंक फाइल आत पोचली आहे का ते बघा. आणि भाड्याच्या सर्व्हरचं कन्सोल आधी एकदा उघडून, रूटचा पासवर्ड तिथे चालतो याची खात्री करा. अनेक सर्व्हरवर रूटला पासवर्डच दिलेला नसतो आणि ते गरजेच्या वेळी कळतं.

प्रश्न (ठाणे): यूएसबी लॅन कार्डाला ‘ईएनएक्स’ आणि पुढे अख्खा मॅक ॲड्रेस असं नाव मिळालं आहे. त्यावर व्हीलॅन (त्याच केबलवरचं वेगळं आभासी नेटवर्क) १०० करायला गेलो तर नाव चुकीचं असल्याची तक्रार येते.

उत्तर: इंटरफेसच्या नावाला जास्तीत जास्त १५ अक्षरांची मर्यादा आहे. ‘ईएनएक्स’ची तीन आणि मॅकची बारा मिळून पंधरा झाली, व्हीलॅनच्या नावात शेवटी जोडल्या जाणाऱ्या ‘.१००’ ला जागाच उरली नाही. लिंक फाइलीने कार्डाला ‘यूएसबी०’ सोडून एखादं छोटं नाव द्या, जसं ‘ट्रंक०’. ‘यूएसबी०’ हे नाव कर्नल स्वतः काही यूएसबी कार्डांना देतो. इथे मात्र ‘परमनंटमॅकॲड्रेस’ सोडून ‘मॅकॲड्रेस’ अजिबात वापरू नका. व्हीलॅनचा इंटरफेस मूळ कार्डाचाच मॅक घेतो, तीच लिंक फाइल त्यालाही जुळते आणि दोघे एकाच नावासाठी भांडतात. बाँड आणि ब्रिज (कार्डं एकत्र जोडून केलेले इंटरफेस) यांचंही तेच.

प्रश्न (कोल्हापूर): लिंक फाइलींनी नावं पक्की झाली, तीन महिने एकदाही बदललेली नाहीत. तरी कधीकधी बूटनंतर एनएफटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम एकही लागलेले नसतात. हाताने सेवा पुन्हा सुरू केली की लागतात.

उत्तर: नियमांत ‘आयआयएफ’ लिहिलंय का बघा. तो शब्द नियम लोड होताना इंटरफेसचा अंतर्गत नंबर शोधतो. त्या क्षणी लॅन० हे नाव अजून लागलेलं नसेल तर त्रुटी येते, आणि एका ओळीपायी सगळी फाइलच नाकारली जाते. मशीन फायरवॉलशिवाय उघडं राहतं, म्हणून हे आजच बदला. ‘आयआयएफ’च्या जागी ‘आयआयएफनेम’ आणि ‘ओआयएफ’च्या जागी ‘ओआयएफनेम’ लिहा. हे दोन्ही नाव अक्षरांनी ताडून बघतात, त्यामुळे कार्ड उशिरा आलं तरी नियम आधीच बसलेले असतात. बदल झाल्यावर ‘एनएफटी -सी -एफ /ईटीसी/एनएफटेबल्स.कॉन्फ’ ने फाइल तपासा (‘सी’ आणि ‘एफ’ लहान), मग रीबूट करून ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’ बघा. एलओ, म्हणजे लूपबॅकसाठी मात्र ‘आयआयएफ’ राहू दिलंत तरी हरकत नाही, तो इंटरफेस कर्नलबरोबरच तयार होतो.